शिवणाचा दोरा आणि त्याची घराणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे टेलर, रीळ-बटणांचे दुकानदार, वस्त्रोद्योग शिकणारी मुलं आणि आजीच्या पेटीत लाकडी रीळ सापडलेली माणसं यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इतिहास आणि रोजचं काम वेगळं काढलेलं नाही, कारण रिळावरचा नंबर, पदर आणि पीळ समजायचा तर त्यामागची घराणीही समजून घ्यावी लागतात. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सूत आणि दोरा यात फरक काय? दोन्ही कापसाचेच ना?

रुई कातली की एकेरी सूत मिळतं. कापड विणायला ते चालतं, पण शिवायला नाही. सुईच्या भोकातून, टेन्शनच्या चकत्यांतून आणि कापडातून धाग्याचा तोच भाग टाक्यात बसण्याआधी अनेकदा पुढेमागे घासला जातो. त्या घासण्यात एकेरी सुताचे तंतू उठतात, पुंजका होतो आणि सूत तुटतं. दोन, तीन किंवा सहा पदर एकत्र घेऊन उलट्या दिशेने पिळले, वरची लव आचेवर जाळली आणि मेण किंवा तेलाचा हात दिला की त्याचा दोरा होतो. सूतगिरणी आणि दोऱ्याचा कारखाना हे दोन वेगळे धंदे आहेत. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या फरकात आहे.

२. शिवणाचा सुती दोरा कारखान्यात पहिल्यांदा कुणी केला?

स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या क्लार्क कुटुंबाने. पेझ्ली हे शालींचं गाव होतं आणि क्लार्क मंडळी विणकरांना मागाचं सामान आणि रेशमी दोरा पुरवत. मागावरचे उभे धागे वर-खाली करणारे फास तेव्हा रेशमाचे असत. १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटनशी होणारा व्यापार बंद केला आणि रेशीम यायचं थांबलं. मग पॅट्रिक क्लार्कने सुती पदर असे पिळून पाहिले की त्यांना रेशमाइतका गुळगुळीतपणा येईल. फासांचं काम भागलं, आणि हाच दोरा शिवणालाही चालतो हे लक्षात आलं. १८१२ मध्ये क्लार्कांनी पेझ्लीत दोऱ्याचा कारखाना काढला. त्याआधी शिवायला मुख्यतः लिनन किंवा रेशीम वापरत.

म्हणजे हा दोरा जन्मला तो शिंप्यासाठी नाही, विणकरासाठी.

३. दोरा रिळावर गुंडाळून विकायची पद्धत कुठून आली?

सुरुवातीला दोरा लडीने विकला जाई. घरी नेऊन तो गुंडाळून घ्यावा लागे. हे काम किती किचकट आहे ते लडी सोडवताना गुंता झालेल्या कुणालाही विचारा. जेम्स क्लार्क गिऱ्हाइकाला लाकडी रिळावर दोरा गुंडाळून देऊ लागला. रिळाचा अर्धा पेनी वेगळा घ्यायचा आणि रिकामं रीळ परत आणलं की तो परत द्यायचा. आपल्याकडे सोड्याच्या बाटलीला डिपॉझिट असे, तसाच हा प्रकार. पुढे यंत्रावर लाकडी रिळं स्वस्तात घडवून निघू लागली आणि ती परत घेण्याचं कारण उरलं नाही.

४. काही ठिकाणी १८१२ साल दिलेलं असतं, काही ठिकाणी १८२६. बरोबर कोणतं?

दोन्ही. फक्त घराणी वेगळी आहेत. १८१२ साल क्लार्कांचं. १८२६ मध्ये जेम्स कोट्सने पेझ्लीतच फर्गसली भागात आपली गिरणी बांधली. तोही शालींच्या धंद्यातून आलेला. १८३० मध्ये कारभार मुलांकडे, जेम्स आणि पीटर यांच्याकडे गेला. ‘जे. अँड पी. कोट्स’ या नावातली अक्षरं या दोघा भावांची आहेत, वडिलांची नाहीत. ही चूक बरेच जण करतात.

५. एका गावातली दोन घराणी एकमेकांची स्पर्धक, मग एक कशी झाली?

बरीच वर्षं ती स्पर्धकच होती, आणि स्पर्धेचा खरा आखाडा अमेरिका होता. तिथल्या जकातीमुळे बाहेरून दोरा पाठवणं परवडेना, म्हणून दोघांनीही घरची माणसं आणि पैसा पाठवून तिकडेच कारखाने काढले. क्लार्कांचा नुअर्कला, कोट्सचा पॉटकेटला. घरातला माणूस पाठवण्याचं कारण सरळ होतं. पीळ किती द्यायचा, झळाळी कशी आणायची ही माहिती कारखान्यातल्या हातांत असे, आणि पगारी माणूस ती घेऊन समोरच्याकडे गेला की संपलं.

१८८९ च्या सुमारास त्यांनी विक्रीसाठी एक सामाईक संस्था काढली. १८९६ मध्ये कोट्सने क्लार्कांसह जोनास ब्रूक आणि जेम्स चॅडविक या इंग्लंडमधल्या दोरा कंपन्याही सामावून घेतल्या. त्याआधी १८९० मध्ये कोट्सचे शेअर बाजारात आले होते. म्हणजे एकत्रीकरणाच्या वेळी ती नावाने घराण्याची आणि कायद्याने भागधारकांची कंपनी होती. जहाजाच्या नांगराची खूण मूळ क्लार्कांची. भरतकामाच्या दोऱ्यावर ‘अँकर’ हे नाव आजही दिसतं ते तिथूनच आलं.

६. ‘सिक्स कॉर्ड’ म्हणजे काय? सहा पदर कशाला हवेत?

हाताने शिवायला तीनपदरी दोरा पुरत होता. १८४६ मध्ये एलियस हाउने आणि १८५१ मध्ये सिंगरने शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं आणि दोऱ्याची परीक्षा बदलली. तीनपदरी दोरा यंत्रावर तुटायचा, आणि झळाळी आणायला लावलेली खळ सुईच्या भोकात साचायची. जॉर्ज क्लार्कने बारीक सुताचे दोन-दोन पदर आधी पिळले आणि अशा तीन जोड्या पुन्हा एकत्र पिळल्या. झाले सहा पदर. पदर जितके जास्त आणि बारीक, तितका दोरा गोल आणि सगळीकडे सारखा. एका पदरात कच्चा भाग आला तरी उरलेले पाच त्याला धरून ठेवतात. हा माल अमेरिकेत ‘अवर न्यू थ्रेड’ या नावाने विकला गेला. जुन्या रिळांवर ‘ओ. एन. टी.’ ही तीन अक्षरं दिसतात ती याचीच.

७. रिळावरच्या नंबराचा अर्थ काय? नंबर मोठा तर दोरा बारीक, असं उलटं का?

सुताचा इंग्रजी नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या भरतात तो आकडा. ४० नंबरचं सूत एका पौंडात ४० × ८४० = ३३,६०० यार्ड भरतं. वजन तेच आणि लांबी जास्त, म्हणजे सूत बारीक.

दोऱ्याचा नंबर त्याच्या सुतावरून पडला. तीनपदरी ४० नंबर दोरा म्हणजे ४० नंबर सुताचे तीन पदर. सहापदरी आला तेव्हा दुकानदार आणि शिंपी यांचा गोंधळ होऊ नये म्हणून जाडी तीच ठेवली. सहापदरी ४० नंबर दोऱ्यात ८० नंबर सुताचे सहा पदर असतात. चाळीसाला तीनाने भागा किंवा ऐंशीला सहाने, उत्तर तेच, १३.३.

आताचं माप टेक्स आहे : १,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. इथे आकडा वाढला की दोरा जाड. इंग्रजी नंबरावरून टेक्स काढायचा तर ५९०.५ ला नंबराने भागायचं. मात्र पदर असलेल्या दोऱ्यात आधी पदरांचा भागाकार करून घ्यायचा, नाहीतर उत्तर चुकतं.

८. पूर्वी ४० नंबर सुती वापरायचो, आता ‘४०/२’ पॉलिएस्टर घेतलं तर शिलाई बारीक दिसते. दुकानदाराने फसवलं का?

नाही. दोन्हीकडे ४० लिहिलेलं असलं तरी जाडी वेगळी असते. सुती ४० (प्रश्न ७) म्हणजे साधारण टेक्स ४४. ‘४०/२’ म्हणजे ४० नंबरचे दोनच पदर, साधारण टेक्स ३०. पॉलिएस्टर मुळात चिवट, म्हणून बारीक असूनही शिवण टिकते, पण वरून मारलेली शिलाई उठून दिसत नाही.

सिंथेटिक रिळांवर तिसराच आकडा असतो, टिकिट नंबर. ३,००० ला टेक्सने भागलं की तो येतो. टेक्स २५ ला टिकिट १२०, टेक्स ४० ला टिकिट ७५. सुती ४० सारखी ठसठशीत शिलाई हवी असेल तर टिकिट ७५ च्या आसपासचं रीळ मागा आणि सुई १४ किंवा १६ लावा. बारीक दोऱ्याला ११ किंवा १४ पुरते. सुई बरोबर आहे का हे बघायला वीतभर दोऱ्यात सुई ओवा, दोरा दोन्ही हातांत ताणून तिरपा धरा. सुई आपोआप घसरत खाली आली पाहिजे. अडकली तर भोक लहान आहे.

९. मर्सराइज्ड आणि ग्लेझ्ड, दोन्ही चमकतात. फरक कसा ओळखायचा?

मर्सरायझेशन कापसाच्या तंतूतच बदल करतं. लँकेशरच्या जॉन मर्सरला १८४४ मध्ये दिसलं की तीव्र कॉस्टिक सोड्यातून सुती कापड गेलं की ते आटतं, जाड होतं आणि रंग चांगला धरतं. १८५० मध्ये त्याने पेटंट घेतलं. पण कापड पाचव्या-चौथ्या हिश्श्याने आटत असल्याने कुणी ते उचललं नाही. १८९० मध्ये होरेस लोने तेच काम कापड ताणून धरून केलं. आटणं थांबलं आणि वर रेशमासारखी झळाळी आली. दोऱ्याच्या धंद्याने ही पद्धत लगेच उचलली.

ग्लेझ्ड दोऱ्याला बाहेरून खळ आणि मेणाचा लेप देऊन घोटलेलं असतं. चामडं, गोणपाट, हाताने घातलेली गोधडी याला तो उत्तम. फूटभर दोरा कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून बोटांत चोळा. चिकट लागला आणि चमक गेली तर ग्लेझ्ड, चमक राहिली तर मर्सराइज्ड. ग्लेझ्ड दोरा शिलाई मशीनवर लावू नये. लेप टेन्शनच्या चकत्यांत साचतो, टाका कधी सैल तर कधी घट्ट पडतो आणि माणूस विनाकारण बॉबिन केस बदलत बसतो.

१०. दोरा बनवणारी आणखी कोणती घराणी होती?

आयर्लंडमधल्या लिस्बर्नला १७८४ पासून बार्बर, लिननच्या दोऱ्याचे. आताच्या फ्रान्समधल्या म्यूलूझची डॉल्फस कंपनी १७४६ ची, पण ती निघाली छापील सुती कापडासाठी. १८०० मध्ये मिग घराण्याशी सोयरीक झाली आणि ‘डॉल्फस-मिग’ हे नाव पडलं. भरतकामाच्या लडीवरची ‘डी. एम. सी.’ ही अक्षरं त्याचीच. माक्स ग्यूटरमानने १८६४ मध्ये व्हिएन्नात सुरुवात केली आणि १८६७ मध्ये कारखाना जर्मनीतल्या गुटाखला हलवला. त्याचा माल रेशमी दोऱ्याचा होता. भारतापुरतं पुढच्या प्रश्नात.

११. भारतात शिवणाचा दोरा कधीपासून?

आधी आयात, मग इथे. दक्षिणेत अँड्रू आणि फ्रँक हार्वी या स्कॉटिश भावांनी सूतगिरण्या काढल्या. त्यातली मदुराईची गिरणी १८९२ मध्ये सुरू झाली. १९७४ मध्ये मदुरा मिल्स आणि जे. अँड पी. कोट्स एकत्र येऊन ‘मदुरा कोट्स’ झाली. म्हणजे पेझ्लीचं घराणं आणि मदुराईची गिरणी यांची गाठ शंभर वर्षांच्या आतच पडली. उत्तरेत लुधियानाच्या ओसवाल कुटुंबाची वर्धमान सूतगिरणी १९६५ मध्ये चालू झाली आणि १९८२ पासून ती शिवणाच्या दोऱ्यात उतरली.

१२. खानदेशात एवढा कापूस पिकतो. मग इथे दोऱ्याचं मोठं घराणं का नाही झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ‘भांडवल नव्हतं’ हे उत्तर सोपं आहे, पण चूक आहे. जळगावला १८७० च्या दशकात मुंबईच्या मूळजी जेठांनी खानदेश मिल उभी केली. अमळनेरला प्रतापशेठांनी १९०६ मध्ये प्रताप मिल काढली, ज्या वर्षी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले त्याच वर्षी. भांडवल होतं, रेल्वे होती, हात होते. पण या गिरण्या सुताच्या आणि कापडाच्या होत्या.

अडचण तंतूची होती. बारीक आणि मजबूत सूत कातायला लांब तंतू लागतो. ८० नंबर सुताचे सहा पदर (प्रश्न ७) करायचे तर पस्तीस मिलिमीटरच्या आसपासचा तंतू हवा, म्हणून पेझ्लीला इजिप्तचा आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा सी आयलंड कापूस जाई. खानदेशातला देशी कापूस आखूड. एन. आर. म्हणून ओळखला जाणारा पांढऱ्या फुलाचा वाण रुईचा उतारा भरपूर द्यायचा, म्हणून शेतकऱ्याला आणि जिनवाल्याला तो आवडायचा, पण त्याचा तंतू जाड आणि तोकडा. नंतरचा जरीला सुधारलेला, तरी तंतू २२ मिलिमीटरच्या घरात. यातून धोतर-चादरीचं जाड सूत छान निघतं, सहापदरी दोरा नाही. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ दरम्यान, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हाही लिव्हरपूलच्या बाजारात तो ‘सुरती’ या सरसकट नावाखालीच मोजला जाई, आणि आखूड, मिसळीचा म्हणून त्याला नाकं मुरडली जात.

दुसरं कारण पिळाचं, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

एक साम्य मात्र सांगण्यासारखं आहे. पेझ्लीत कोट्सांच्या पैशातून १८८३ मध्ये वेधशाळा उभी राहिली, अमळनेरला प्रतापशेठांच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर आणि कॉलेज. वेधशाळेचा पैसा दोऱ्याचा, तत्त्वज्ञानाचा कापडाचा.

१३. आता तर आपल्याकडे लांब तंतूचा कापूस येतो. आज दोरा बनेल का?

तंतूची अडचण बरीचशी उरली नाही. आजचे संकरित वाण २८ ते ३० मिलिमीटर देतात, आणि चोपडा-शिरपूर पट्ट्यातला ठिबकवरचा पूर्वहंगामी कापूस पाऊस लागण्याआधी वेचला तर स्वच्छही असतो. धुळे, शिरपूर, शहाद्याच्या सहकारी सूतगिरण्या सूत काततातच. पण बाजार बदलला आहे. शिवणाचा बहुतेक दोरा आता पॉलिएस्टरचा आहे, त्यात कापूस नाहीच. सुती दोऱ्याला उरलेली गिऱ्हाइकं ठरावीक : भरतकाम, क्रोशे, गोधडी, आणि शिवून मग रंगवायचे कपडे (प्रश्न १७).

१४. गिरणीतलं सूत आणून दोन-तीन पदर पिळले तर घरी दोरा होणार नाही का?

हाताने शिवायला होईल, मशीनवर उलगडेल. कापडासाठीच्या सुताला बहुधा ‘झेड’ पीळ असतो : सूत उभं धरलं की तंतू डावीकडून खालून उजवीकडे वर चढतात, इंग्रजी झेडच्या मधल्या रेषेसारखे. पदर जोडताना उलटा पीळ द्यावा लागतो, म्हणजे तयार दोऱ्याला ‘एस’ पीळ येतो. साध्या शिलाई मशीनच्या आकड्याची, म्हणजे बॉबिनजवळ दोऱ्याचा फास पकडणाऱ्या हुकाची, चाल मात्र एस पीळ सोडवणारी असते. पदर सुटे होतात, सुई त्यातला एखादा चुकवते, टाका गळतो.

म्हणून दोऱ्याच्या कारखान्यात सूतच उलट, एस पिळाचं कातून घेतात, म्हणजे शेवटचा पीळ झेड येतो. विकतच्या रिळाची शंका आली तर दोरा उभा धरून भिंगाने बघा. चढ उजवीकडे असेल तर मशीनला चालेल.

१५. मे महिन्यात सुती दोरा सारखा तुटतो. रीळ खराब आहे का?

बहुधा नाही. कापूस ओला असताना जास्त मजबूत असतो आणि कोरडा पडला की ठिसूळ होतो. जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखालच्या दुकानातलं रीळ पार सुकतं. रात्री रिळं डब्यात ठेवा, सोबत ओलसर, न ठिबकणारा कपडा, दोन्हींच्या मध्ये कागद. किंवा माठाजवळ झाकून ठेवा. सकाळी फरक जाणवतो. पावसाळ्यात हे करू नये, बुरशी येते. इतकं करूनही तुटत असेल तर सुईची धार, टेन्शन आणि आकड्यावरची ओरखड, या क्रमाने तपासा.

१६. आजीच्या पेटीत लाकडी रीळ सापडलं. किती जुनं असेल, आणि वापरू का?

नेमकं साल सहसा सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. चिठ्ठीवर फक्त जे. अँड पी. कोट्स किंवा फक्त मदुरा मिल्स असेल तर १९७४ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी (प्रश्न ११). लांबी यार्डात असेल तर आपल्याकडे मेट्रिक मापं रुजण्याआधीचं असू शकतं. त्यासाठीचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. पण निर्यातीच्या मालावर यार्ड नंतरही छापले जात, त्यामुळे नुसत्या यार्डावर पैज लावू नका. २०० यार्ड म्हणजे १८३ मीटर. एका शर्टाला सव्वाशे मीटरपर्यंत दोरा जातो, म्हणजे रिळात शर्ट होऊन थोडा उरे. रीळ नीट ठेवायचं तर चिठ्ठीला पाणी लावू नका, खळ विरघळून ती सुटते.

दोरा वापरण्याआधी वरचे चार-पाच मीटर काढून टाका आणि आतला फूटभर हातात घेऊन झटका द्या. कापसाच्या चांगल्या दोऱ्याला तुटताना जोर लागतो. ‘फुस्स’ करून सुटला तर तो मशीनवर घालू नका, हातशिलाईलाही नको.

१७. शिवलेला पांढरा कुर्ता रंगवला, कापड रंगलं पण शिवण पांढरीच राहिली. असं का?

शिवण पॉलिएस्टरची होती. सुती कापडाचा रंग पॉलिएस्टर घेत नाही. दोरा कशाचा ते आधी जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरगळणारी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळतो आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. एक फसवा प्रकार आहे : आत पॉलिएस्टर, बाहेर कापूस असा गाभ्याचा दोरा. त्यात राखही दिसते आणि मणीही. तो रंगतो, पण फिका. रंगवायचे कपडे शिवताना बॉबिनमध्येही सुतीच भरा. वर सुती आणि तळाला पॉलिएस्टर ही चूक सर्रास होते आणि आतल्या बाजूला पांढरी रेघ राहते.

१८. संक्रांतीचा मांजा आणि शिवणाचा दोरा एकच असतो का?

सुती मांज्याचं मूळ तेच, अनेकपदरी पिळलेला दोरा. सहा, नऊ, बारा पदरी सादीला, म्हणजे साध्या दोऱ्याला, खळ आणि काचेची पूड लावली की मांजा होतो. उरलेला मांजा गोधडीला वापरायचा मोह टाळा. काचेची पूड धुऊन पूर्ण जात नाही, ती बोटं आणि कापड दोन्ही कापते. सादी, म्हणजे काच न लावलेली, चालते, पण हाताने. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. तो शिवणालाही निरुपयोगी, गाठ सरकते आणि इस्त्री लागली की वितळतो.